आटपाडीच्या मातीवर आखलेली प्रयोगशाळा

नागपुरात बसून आटपाडीची प्रयोगशाळा काढणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. मी त्या हाकल्या होत्या, आणि वर शाबासकीही मिळवली होती.

मी आर्किटेक्ट आहे आणि प्रयोगशाळांच्या इमारती हे माझं आवडतं काम. आटपाडीच्या एका शिक्षणसंस्थेला डाळिंबाच्या संशोधनासाठी इमारत हवी होती. त्यांनी जागेचे फोटो आणि मोजमापं पाठवली. मी घरबसल्या तीन मजली, पश्चिमेला सबंध काच असलेली, मधोमध उंचच उंच चौक असलेली इमारत काढून पाठवली. संस्थेचे अध्यक्ष फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी चित्र बघून लगेच फोन केला. "इंजिनेरबाई, ह्ये तर विमानतळच की वो!" मी इंजिनियर नाही, आर्किटेक्ट आहे, असं मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायचं सोडून दिलं, कारण स्तुती चालू होती.

भूमिपूजनाचा रविवार ठरला. त्याच्या आठवडाभर आधी तिथल्या शास्त्रज्ञ डॉ. सुजाता यांचा निरोप आला. एकच ओळ होती: "मॅडम, कुदळ पडायच्या आधी एकदा येऊन जाल का?"

त्या ओळीत तक्रार नव्हती. तरी मला ती टोचली. बॅग भरली, मोजपट्टी घेतली आणि गाडीत बसले.

लोणंद, गुरुवार

सुजाता मला घ्यायला लोणंद स्टेशनावर आली होती. बारीक चणीची, चाळिशीच्या आतली, बोलताना चष्मा डोक्यावर सरकवणारी. लोणंदहून आटपाडीला जायला फलटणवरून सरळ रस्ता आहे, हे मी नकाशात बघून ठेवलं होतं. पण ती म्हणाली, "आपण साताऱ्यावरून मिरजेला जाऊ आणि तिथून आटपाडीला." नागपूरहून वर्ध्याला अमरावतीवरून जाण्यासारखाच हा प्रकार. मी विचारलं, का बरं? ती हसली. "तुम्हाला बोलून पटवण्यापेक्षा दाखवलेलं बरं."

स्टेशनाबाहेर पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर तर्री ओतल्याशिवाय ते पोहे आहेत असं कुणी मानत नाही. इथे मी तर्री मागितली तर हॉटेलवाल्यानं मला आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाला, "कट पायजे आसंल तर मिसळ घ्या की. पव्ह्यावर कट कोन घेतंय?" मी मुकाट्यानं लिंबू पिळलं.

मग ती मला गावाबाहेर एका कांद्याच्या जुन्या वखारीत घेऊन गेली. तिची कॉलेजातली मैत्रीण तिथे कांद्याच्या बियाण्यावर काम करते. वरून पत्रे, भिंतींना चुना, बाहेर कांद्याचे ट्रक आणि डोळ्यांत पाणी आणणारा वास. आणि आत? मी इतकी शिस्तीची प्रयोगशाळा फार कमी वेळा पाहिली आहे. पोती एका दारानं आत येत होती आणि तपासलेलं बियाणं दुसऱ्या दारानं बाहेर जात होतं. एकदा पुढे गेलेली वस्तू मागे फिरतच नव्हती.

"कुणी काढलं हे?" मी विचारलं.

"वखारीला दारं दोनच होती," मैत्रीण म्हणाली. "काढायचं काय त्यात? ह्यातनं घ्यायचं, त्यातनं द्यायचं."

मी माझ्या इमारतीला मोजून सात दारं ठेवली होती, आणि सातही त्या मोठ्या चौकात उघडत होती. मी ते तिथे बोलून दाखवलं नाही. साताऱ्यात उतरून आम्ही कंदी पेढे घेतले, आणि मी ते कराड यायच्या आत निम्मे संपवले. मन खायला लागलं की मी पेढे खाते.

वाटेत सुजातानं तिचं काम समजावलं. डाळिंबावर तेल्या नावाचा रोग पडतो. पानावर, फळावर तेलकट डाग येतात, फळ चिरतं आणि बागच्या बाग जाते. पण अशा गेलेल्या बागेत कधीकधी एखादं झाड ठणठणीत उभं असतं. सुजाता नऊ वर्षं अशी झाडं शोधते आहे. कुणी शेतकरी कळवतो, ही मोटरसायकलवर जाते, त्या झाडाचा कोवळा शेंडा आणते आणि काचेच्या बरणीत त्याचं रोप वाढवते. बरणीला हवा, धूळ, हात, काही लागलं की आत बुरशी येते आणि रोप मरतं. ज्यांची मूळ झाडं शेतात पुढे तोडली गेली, अशांचं उरलेलं सगळं या बरण्यांतच आहे.

"आत्ताच्या खोलीत अजून एक पावसाळा काढला तर निम्म्या बरण्या जातील," ती म्हणाली. "आणि नवी इमारत चुकली तर सगळ्याच."

मी उरलेले पेढे तिच्याकडे सरकवले.

मिरज, शुक्रवार

मिरजेत जिकडे बघावं तिकडे दवाखाने. रिक्षावाला कुठे जायचं असं विचारतच नाही. काय होतंय, असं विचारतो. एका इस्पितळाची रक्त-लघवी तपासायची प्रयोगशाळा सुजाताला मला दाखवायची होती. नवी कोरी, महागडी, माझ्यासारख्याच कुणीतरी काढलेली. बाहेरची हवा आत जाऊ नये म्हणून एकापाठोपाठ एक दोन दारं होती. पहिलं मिटल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा बेत. प्रत्यक्षात दोन्ही दारं सताड उघडी, आणि प्रत्येकाच्या बुडाशी एकेक वीट.

तिथल्या मावशी फरशी पुसत होत्या. मी विटेकडे बोट दाखवलं. त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आवं बाई, दोनी हातांत ट्रे आस्त्यात. दार काय नाकानं उगडू?"

मी वहीत लिहून घेतलं: ज्या दाराखाली वीट आली ते दार चुकलं. इतक्या वर्षांच्या कामात मला कुणी इतकी स्वच्छ टीका ऐकवली नव्हती. आपलं काम संपल्यावर आपण फोटो काढून निघून येतो, आणि विटा आपल्यामागे येतात. हे लिहितानाही मला थोडी लाज वाटते आहे.

दुपारी सुजाताला तिचा तानपुरा आणायचा होता. ती हौसेनं गाते. तानपुरा दुरुस्तीला टाकला होता. गल्लीत ओळीनं दुकानं, छताला टांगलेले वाळके भोपळे, आणि लाखेचा वास. ज्यांच्याकडे काम दिलं होतं त्यांना सगळे चाचा म्हणत होते. ते जवारी काढत होते, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात ती कानसून नाद नीट करत होते. आम्ही आत गेलो तशी त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पंखा लावू नका. आन् उजेडात हुबं ऱ्हाऊ नका."

मी बाजूला सरकले आणि ती खोली बघत बसले. खिडकी एकच, डाव्या हाताला. समोर कोरी भिंत. कानस, दोरा, पट्ट्या सगळं बसल्या जागेवरून हात पोचेल तिथे. चाचांना उठावंच लागत नव्हतं. मला राहवलं नाही. विचारलं, "ही खोली कुणी अशी मांडली?"

"मांडली कुनी न्हाई. आमच्या आब्बांचा हात जितं पोचला तितं खुंटी मारली." मग त्यांनी माझा धंदा विचारला, आणि सुजाताकडे मान करून म्हणाले, "मग ह्या बाईंचा हात कुटंवर पोचतोय, बघितला का?"

नव्हता बघितला. मी पिशवीतून मोजपट्टी काढायला गेले तर ती लोणंदलाच वखारीत विसरलेली! चाचांनी तानपुऱ्याची तार मोजायचा दोरा दिला. सुजाता पाटावर बसली, तिनं हात लांब केला, आणि मी आणि चाचा दोघांनी मिळून एका शास्त्रज्ञाला दोऱ्यानं मोजलं. तोवर दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं शांतपणे बघत उभी होती. त्यातल्या एकानं हळूच विचारलं, "ह्यांच्या मापाचा बनवताय काय तानपुरा?"

माझ्या नकाशात टेबलाची खोली, म्हणजे पुढून मागची लांबी, त्या दोऱ्यापेक्षा चांगली वीतभर जास्त होती. सुजाताला मागची बरणी घ्यायला प्रत्येक वेळी पुढच्या बरण्यांवरून वाकावं लागलं असतं. मी दोऱ्याला गाठ मारली आणि तो पर्समध्ये ठेवला.

आटपाडी, शनिवार

आटपाडीला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. आम्हा नागपूरकरांना कुणी उन्हाचं कौतुक सांगू नये. पण इथलं ऊन वेगळं आहे. ते उघड्या माळावर मोकाट फिरतं. मेंढरं बाभळीच्या टीचभर सावलीत माना घालून उभी होती. मधूनच कालव्याचं पाणी आलेलं शिवार, डाळिंबाच्या हिरव्या ओळी, लालभडक फुलं. डोळ्यांना एकदम थंड वाटलं.

गावात शिरताच चौकात मला माझी इमारत भेटली. प्रचंड फ्लेक्स, त्यावर माझी काचेची इमारत, आणि तिच्याभोवती संस्थेच्या यच्चयावत सभासदांचे चेहरे. तळाशी माझाही फोटो होता. भाच्याच्या लग्नातला, नाकात नथ आणि गालावर हळद असलेला. तो त्यांना कुठून मिळाला ते मी अजून शोधते आहे.

सुजाताची आत्ताची प्रयोगशाळा कॉलेजच्या मागच्या बाजूला आहे. एक लांबट खोली, मांडण्यांवर बरण्या, बरण्यांत बोटभर उंचीची हिरवीगार रोपं. प्रत्येकीवर चिठ्ठी. त्यावर फक्त गावाचं आणि झाडाच्या मालकाचं नाव. मी एक चिठ्ठी वाचत होते, तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

सुभेदार आत आले. सत्तरी उलटलेली, ताठ पाठ, पांढरी टोपी. मागून त्यांचे व्याही, विहीणबाई आणि आणखी चारपाच पाहुणे. "या, या. ह्या आमच्या म्याडम. लय हुशार हायत. आन् ह्ये बगा, बाटलीत झाड!" विहीणबाईंनी कौतुकानं एक बरणी उचलली, झाकण थोडं फिरवलं आणि वास घेतला. सुजाता हसून उभी होती. हसू ओठांवर होतं. हात मात्र ओढणीत घट्ट वळले होते. सुभेदारांनी मला ओळखलं आणि अगदी मनापासून म्हणाले, "बाई, तुमच्या बिल्डिंगीत पावण्यांला सगळं फिरून बगता यील. मधल्या चौकातनं थेट बाटल्यांपातूर!"

पाहुणे गेले. सुजातानं दार लावलं आणि विहीणबाईंनी हात लावलेली बरणी बाजूला काढून ठेवली.

"चार दिवसांत बुरशी येईल," ती म्हणाली. "हे झाड आता शेतात नाहीये."

"तू त्यांना 'नको' का म्हणत नाहीस?" मी रागानं विचारलं.

"कसं म्हणणार? माणूस वाईट नाही हो. माझ्या खोलीला गाव हसायचं तेव्हा एकटे तेच माझ्या बाजूनं उभे राहिले. जागा त्यांची, संस्था त्यांची. त्यांना कुठल्या तोंडानं सांगू की तुम्ही आत येऊ नका?" तिनं चष्मा डोक्यावर सरकवला. "म्हणून मला वाटलं होतं, जे मला बोलता येत नाही ते इमारत बोलेल."

आणि मी अशी इमारत काढली होती की जी पाहुण्यांना हाताला धरून बरण्यांपाशी नेत होती. मला इतकं वाईट वाटलं की दुपारी तिच्या आईनं वाढलेलं हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरी यांची चव कळायला थोडा वेळ लागला. कळली तेव्हा मात्र मी तिसऱ्यांदा माडगं मागून घेतलं. त्यांच्या छोट्या घरात भिंतीवरच्या बुद्धमूर्तीसमोर एका बरणीत डाळिंबाचं रोप ठेवलं होतं. "ते नापास झालेलं," सुजाता म्हणाली. "तरी मी बघते त्याच्याकडे."

जेवून मी वही उघडली आणि तिथेच जमिनीवर बसून दुसरी इमारत काढली. एकच मजला. जाड भिंती, पश्चिमेला खिडकी नाही. समोर लांबलचक सोपा, म्हणजे ओसरी, आणि त्यावर बसायला कट्टा, कारण सुजाताचं निम्मं संशोधन शेतकऱ्याशी गप्पा मारताना होतं. तो तपासायला आणलेली रोगट फांदी देऊन निघून जात नाही, बागेची सबंध कहाणी सांगतो. रोगट फांदी कट्ट्याजवळच्या खिडकीतून आत, आणि ती तिथल्याच खोलीत राहणार. बरण्यांची खोली पार दुसऱ्या टोकाला, तिला दार एक, तेही ट्रे धरलेल्या माणसाला पाठीनं ढकलता येईल असं. आणि पाहुण्यांसाठी बाहेरून मोठी काच. काय बघायचं ते बघा, पण बाहेरून.

सुजातानं ते पान कितीतरी वेळ हातात धरून ठेवलं. मग म्हणाली, "फ्लेक्स लागलाय, मॅडम."

आटपाडी, रविवार

सकाळी जागेवर गेलो तर पूजेची तयारी चालू. सडा टाकून माळ ओला केलेला. ईशान्येच्या कोपऱ्यात पूजेसाठी पांढरीशुभ्र चादर अंथरलेली. गवंडी तात्या फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या भुकटीनं, माझी मोठी इमारत जमिनीवर आखत होते.

मी सुभेदारांकडे गेले. वाटेत चार वाक्यं जुळवली होती. ती सगळी विसरले आणि सरळ म्हणाले, "सुभेदारसाहेब, ही इमारत चुकलीय. चूक माझी आहे. मी जागा बघितली नव्हती, यांचं काम बघितलं नव्हतं." आणि वहीतलं पान पुढे केलं.

सभासद जमले. एकानं पान हातात घेऊन उलटं-सुलटं बघितलं. "ह्यात काच कुटाय? रस्त्यावरनं काय दिसणार, भित्ताड?" दुसरा म्हणाला, "पत्रिका वाटल्या, फ्लेक्स लागला. आता गाव काय म्हनंल?" सुजाता माझ्या शेजारी उभी होती, आणि तिचा चेहरा मला बघवत नव्हता.

सुभेदारांनी पान परत दिलं. "बाई, कागुद मला कळत न्हाई. फौजेत नकाशे लय वाचले, पर तवा डोंगुर समोर आसायचा. तुमची चूक मला जमिनीवर दावा."

"म्हणजे?"

"म्हंजे रिहर्सल!" त्यांचे डोळे चमकले. बरेच दिवसांनी कुणावर तरी हुकूम सोडायची संधी आली होती. "तात्या, आखणी पुरी कर. समद्यांनी चपला भाईर काडा, पूजंची जागा हाय. तुमी दोगं शेतकरी, फांदी घिऊन या. तू रं गड्या, झाडलोट. म्याडम, तुमी तुमचं काम करा. व्याही, तुमी पावणेच ऱ्हावा."

तेवढ्यात तात्यांनी आवाज दिला, "फक्की सपली!" माझ्या अवाढव्य चौकानं दोन्ही पोती गिळली होती, आणि शेवटची एक खोली राहिली होती. नेमकी रोगट फांद्यांची. तात्या जुने कसबी गवंडी. हातातलं काम अर्धवट सोडणं त्यांना माहीत नाही. पूजेनंतर उधळायला आणलेल्या गुलालाचं पोतं त्यांनी फोडलं, आणि ओल्या मातीत रेघ उठून दिसेना म्हणून सगळी खोलीच गुलालानं भरून टाकली.

मग सुभेदारांनी शिट्टी मारली. दोन शेतकरी फांदी घेऊन गुलालाच्या खोलीत गेले. तिथून पाणी प्यायला चौकात आले. झाडलोटवाला गुलालातून निघून सगळीकडे फिरला. पाहुणे आधी फांदी बघायला गेले, मग विहीणबाई म्हणाल्या, "बाटलीतलं झाड कुटाय?" आणि सगळी वरात चौकातून ईशान्येच्या कोपऱ्यात गेली. बरण्यांची खोली तिथेच होती. पुढे स्वतः सुभेदार, "या, या" म्हणत.

सगळ्यांत आधी पूजेला आलेले भटजी ओरडले. "आहो, माझी चादर!"

पांढऱ्या चादरीवर पावलंच पावलं. लहान, मोठी, जोडवी घातलेली, टाचा फुटलेली. सगळी गुलाबी. गौरी घरात येताना उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत काढतात तशी गुलालाच्या खोलीपासून चादरीच्या मध्यापर्यंत रांग लागली होती.

विहीणबाई खूश झाल्या. "आगं बया, लक्षुमीची पावलं उमटली!"

सुभेदार मात्र वाकले, आपला एक पाय उचलून तळवा बघितला. मग मागे वळून त्या रांगेकडे, पार गुलालाच्या खोलीपर्यंत नजर नेली.

"लक्षुमीची न्हाईत, ईनबाई," ते म्हणाले. "तेल्याची हायत." आणि थोडं थांबून, "ह्यात सगळ्यात मोठं पाऊल माजं हाय."

मी खरं सांगते, असं काही मला वर्षभर नकाशे काढूनही दाखवता आलं नसतं.

मग कुणी फ्लेक्सचं नाव काढलं नाही. तात्यांनी चुन्याच्या रेघा पायानं मोडल्या. माझी दुसरी इमारत दोरी आणि दगडांनी आखली. ती इतकी आटोपशीर होती की कासराभर दोरी उरली. सगळ्यांनी पाय धुतले. भटजींनी कुरकुरत दुसरी चादर काढून दिली, आणि ती आम्ही बरण्यांच्या नव्या खोलीत अंथरली. गुलाल पुन्हा रोगट खोलीत टाकला, या वेळी सुभेदारांनी स्वतः, अगदी मूठमूठ भरून. "कसर ठिवायची न्हाई. दुस्मन पुरा पायजे."

शिट्टी झाली. शेतकरी आले आणि दगडांच्या कट्ट्यावर बसले. फांदी दोरीवरून आत दिली. एक जण आपल्या बागेची खरीच हकीकत सांगायला लागला, तेव्हा सुजाता सोप्यावर येऊन त्याच्यासमोर बसली आणि रिहर्सल आहे हे विसरून वहीत लिहून घ्यायला लागली. झाडलोटवाला गुलालाच्या खोलीतून निघून बाहेरच्या बाहेर पाय धुवायला गेला. दुसरीकडे जायला त्याला वाटच नव्हती. पाहुणे काच जिथे होणार तिथे ओळीनं उभे राहिले. विहीणबाईंनी नसलेल्या काचेला नाक लावून बघितलं.

मग सुजाता उठली, हातपाय धुतले आणि बरण्यांच्या खोलीत गेली. मी पर्समधला गाठ मारलेला दोरा तिच्यासमोर धरला होता. तितक्याच रुंदीची फळी दोन विटांवर टाकून तात्यांनी टेबल केलं होतं. ती त्याच्याजवळ चवड्यांवर बसली. तिनं हात पुढे केला. फळीच्या पार मागच्या कडेपर्यंत पोचला. तिनं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

सुभेदार शिट्टी खिशात घालून सगळी आखणी निरखत फिरत होते. फिरत फिरत बरण्यांच्या खोलीच्या दोरीपाशी आले. सवयीनं त्यांनी पाय उचलला, दोरीवर धरला आणि तसेच थांबले. संस्था त्यांची, माळ त्यांचा, पूजा त्यांच्या हातून व्हायची होती. सबंध गाव बघत होतं.

"म्याडम," ते म्हणाले, "आत यिऊ का?"

सुजातानं वर बघितलं. चष्मा डोक्यावरून खाली घेतला, नीट डोळ्यांवर बसवला. तिचा आवाज थोडा कापला, पण सगळ्यांना ऐकू आला.

"नगा, सुभेदारसाहेब. भाईरनंच बगा."

एका पायावर उभे असलेले सुभेदार क्षणभर तसेच राहिले. मग त्यांनी उचललेला पाय मागे घेतला, दोन्ही टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला.